एकतर्फी : राणीच्या आयोगाची दिवाणी संहिता आणि खानदेशचा गैरहजर कुणबी

१/
इंग्रज येईपर्यंत खानदेशात न्याय नव्हता, त्यांनी दिवाणी कोर्टे उघडली आणि कायद्याचे राज्य आले, असे विधान वारंवार केले जाते. त्याला उत्तर म्हणून दुसरे विधान तितक्याच जोराने केले जाते: आमच्या पंचायती सोन्याच्या होत्या, इंग्रजांनी त्या मोडल्या. ही दोन्ही विधाने टिकत नाहीत. दोहोंची चूक एकच आहे. न्याय कोणाचा होता एवढेच दोन्ही पक्ष विचारतात; तो प्रत्यक्षात कसा चालत असे, हे कोणीच विचारीत नाही.

२/
दावा कोठे लावायचा, प्रतिवादीस कोणी बोलवायचे, तो आला नाही तर काय करायचे, कागद खरा मानायचा की कागदामागचा व्यवहार तपासायचा, निकाल वसूल कसा करायचा: दिवाणी न्याय या पाच प्रश्नांत असतो. १८५९ मध्ये या प्रश्नांना एकच उत्तर देणारी संहिता कंपनीच्या जुन्या मुलखाला लागू झाली. त्या उत्तराची सर्वांत मोठी किंमत कोर्टात न आलेल्या माणसाने मोजली. पुढे सरकारने चूक कबूल केली, तेव्हा दुरुस्तीतून खानदेश वगळला गेला. या धाग्याचे म्हणणे एवढेच आहे.

३/
आरंभ १८१८ पासून. त्या वर्षाच्या जानेवारीत मंदसौरच्या तहाने होळकरांचा खानदेशातील मुलूख इंग्रजांकडे गेला. फेब्रुवारीत तापीकाठच्या थाळनेरचा किल्ला जनरल हिस्लॉपने घेतला आणि किल्लेदाराला दगाबाजीच्या आरोपावरून फासावर लटकवले. खटला चालला नाही, साक्षीपुरावा झाला नाही. या कृत्यावर विलायतेत पार्लमेंटातही आक्षेप घेतले गेले. खानदेशात ‘कायद्याचे राज्य’ आले, त्याची पहिली मोठी खूण ही अशी आहे. पुढे मे-जूनमध्ये मालेगावचा वेढा झाला आणि इंग्रजांचा अंमल बसू लागला.

४/
मुलूख उद्ध्वस्त होता. १८०२ मधील होळकरांच्या फौजेची लूट, त्यापाठोपाठचा १८०३-०४ चा दुष्काळ आणि रोजचे दंगे यांमुळे गावेच्या गावे ओस पडली होती. पेशवे, होळकर, शिंदे यांचे परगणे एकमेकांत गुंतलेले होते. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा खानदेशचा पहिला पोलिटिकल एजंट. त्याने धुळे हे ठाणे निवडले, व्यापाऱ्यांना बोलावून नवी पेठ वसवली. आजचे धुळे शहर या निर्णयातून वाढले. पण ब्रिग्जने येताना कोणतीही दिवाणी संहिता बरोबर आणली नव्हती. तंटे पंचायतीकडेच जात होते.

५/
ते योगायोगाने नव्हे. दख्खनचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावर सविस्तर अहवाल लिहिला. त्यात पंचायतीचे दोष एकामागून एक सांगितलेले आहेत: दिरंगाई, पंचांना व पक्षकारांना हजर करण्याची सक्ती नसणे, पक्षपात. तरीही एवढे दोष असून हा देश भरभराटीस आला आणि इंग्रजी अंमलातील काही दुखण्यांपासून मुक्त राहिला, हेही त्याने मान्य केले. जिंकणाऱ्याने लिहिलेल्या कागदात ही कबुली आहे. ‘न्यायच नव्हता’ असे म्हणणाऱ्यांनी ती अवश्य वाचावी.

६/
पंचायत म्हणजे पारावरच्या गप्पा, हा समज तर पूर्णपणे खोटा. तिला स्वतःची कार्यपद्धती होती. दोन्ही पक्ष आधी ‘राजीनामा’ लिहून देत. आज हा शब्द नोकरी सोडण्याच्या पत्रासाठी वापरला जातो. तेव्हा त्याचा अर्थ ‘या पंचांचा निर्णय आम्हांस राजी आहे’ असा होता. मग जामीन घेतले जात. प्रत्येक पक्षाची तक्रीर, म्हणजे जबानी, लिहिली जाई. कागद तपासले जात, साक्षी होत. शेवटी सर्व हकीकत आणि निर्णय यांचे निवाडपत्र तयार होई. हरणारा ‘येजितखत’ लिहून देई, म्हणजे आपली हार लेखी मान्य करी. जिंकणारा सरकारात हरकी भरी, हरणारा गुन्हेगारी.

७/
गोतसभेच्या महजरांवर देशमुख-देशपांड्यांपासून बलुतेदारांपर्यंत अनेकांच्या साक्षी असत. पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी असे. असे कागद राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडमालेत छापले गेले. राजवाड्यांचे निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ मध्ये याच शहरात उभे राहिले. पुढे वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ मध्ये मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. पुरावा छापलेला आहे आणि तो धुळेकरांना परका नाही.

८/
पण म्हणून पंचायत सोन्याची ठरत नाही. ज्याच्या दारात चार माणसे बसत त्याच्याच बाजूने पंच झुकण्याचा धोका कायम असे. निवाडा झाला तरी तो अमलात आणण्याची खात्री नसे. पुरावा अपुरा पडला तर दिव्य करावे लागे: उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा आणि हात भाजला की नाही यावर वतनाचा निकाल. गावकुसाबाहेरच्या माणसाला गावातील प्रतिष्ठितांविरुद्ध त्याच प्रतिष्ठितांपुढे उभे राहावे लागे. यास आदर्श म्हणणे म्हणजे इतिहास न वाचणे होय.

९/
सावकाराचा मार्गही सौम्य नव्हता. सरकार कर्जवसुलीत फारसे पडत नसे, म्हणून सावकार तगादा लावी. त्याची सुरुवात दारात माणूस बसवण्याने होई आणि शेवट ऋणकोला कोंडण्यापर्यंत, डोक्यावर दगड ठेवून उभे करण्यापर्यंत जाई. मात्र एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तगाद्याला मर्यादा होती ती गावाची. त्याच गावात राहायचे, त्याच गावात पुढील वर्षी कर्ज द्यायचे, त्यामुळे सावकाराला कुणब्याशी कोठेतरी तडजोड करावी लागे. राज्याची शक्ती त्याच्या पाठीशी आयती उभी नव्हती.

१०/
रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव या चर्चेत नेहमी येते. ते यावेच. पण त्यांचा दाखला ज्या बाजूने दिला जातो ती बाजू उलटी आहे. एका निःस्पृह न्यायाधीशाची कीर्ती दोनशे वर्षे टिकते, याचा अर्थ व्यवस्था माणसावर अवलंबून होती. रामशास्त्री असतील तर न्याय, नसतील तर नशीब. प्रमाणित कार्यपद्धतीची मागणी येथूनच जन्मते आणि ती मागणी रास्त आहे. प्रश्न प्रमाणीकरण हवे की नको हा कधीच नव्हता. कोणाच्या सोयीचे प्रमाणीकरण, हा प्रश्न होता.

११/
पहिले उत्तर १८२७ चे. मुंबईचा गव्हर्नर झालेल्या एल्फिन्स्टनने जाता जाता रेग्युलेशनांची संहिता दिली. दुसऱ्या रेग्युलेशनने दिवाणी कोर्टांची रचना, चौथ्याने कार्यपद्धती, पाचव्याने मुदत आणि व्याज, सातव्याने लवाद. त्याच वर्षीच्या एकोणतिसाव्या रेग्युलेशनने ही सगळी व्यवस्था दख्खन आणि खानदेशाला लागू झाली. धुळ्याच्या दिवाणी न्यायाचा लेखी इतिहास या एकोणतिसाव्या रेग्युलेशनापाशी सुरू होतो, पण त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नसते.

१२/
चौथ्या रेग्युलेशनाचे सव्विसावे कलम त्या काळासाठी विलक्षण होते. न्यायाधीशाने आधी पार्लमेंटचे कायदे व सरकारी रेग्युलेशने पाहावीत; ती नसतील तर त्या मुलखाची वहिवाट; तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा; काहीच नसेल तर न्याय, समता आणि सदसद्विवेक. म्हणजे वहिवाटीला शास्त्रग्रंथांच्या आधी स्थान मिळाले. याच सुमारास ऑर्थर स्टीलकडून दख्खनच्या जातींच्या रूढींचे संकलन करून घेतले गेले. पाचव्या रेग्युलेशनाने कोर्टातून वसूल होणाऱ्या व्याजाला सालीना शेकडा बाराची मर्यादा घातली, आणि लेखी कर्जाच्या दाव्यास बारा वर्षांची मुदत दिली.

१३/
पंचायत कागदावर जिवंत राहिली. पण तिच्याकडे सक्ती नव्हती आणि शेजारच्या कोर्टाकडे ती होती. समन्स काढणारे कोर्ट, जप्ती करणारे कोर्ट, लिलाव करणारे कोर्ट. ज्याला पैसे वसूल करायचे तो कोठे जाईल, हे सांगावयास नको. पंचांनाही विनावेतन बसून वैर पत्करण्यात रस उरला नाही. पंचायत कोणी एका हुकमाने मोडली नाही. तिच्यासमोर जास्त बळाचा प्रतिस्पर्धी बसवला गेला आणि ती आपोआप रिकामी झाली.

१४/
दुसरे उत्तर राणीच्या नावाने आले. १८५३ च्या सनदेनंतर हिंदुस्थानातील न्यायालये, कार्यपद्धती आणि कायदे यांच्या सुधारणेसाठी व्हिक्टोरिया राणीच्या नावाने आयोग नेमला गेला. तो बसला लंडनमध्ये. त्याच्या मसुद्यांच्या आधारे कलकत्त्याच्या कायदेमंडळाने १८५९ चा आठवा कायदा, म्हणजे पहिली दिवाणी कार्यपद्धती संहिता, मंजूर केली. १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्याने राज्य कंपनीकडून राणीकडे गेले होते. त्यामुळे ही संहिता नव्या राजसत्तेच्या पहिल्या मोठ्या कायद्यांपैकी एक ठरली.

१५/
तिचे गुण नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. दाव्याचा अर्ज कसा असावा, कैफियत केव्हा द्यावी, मुद्दे कसे काढावेत, अपील कोठे करावे, हे प्रथमच सर्वत्र सारखे झाले. ब्राह्मण आणि महार, विधवा आणि देशमुख एकाच नमुन्यावर दावा लावू शकत होते. निकालाला कारणे द्यावी लागत. दिव्य गेले. धारवाडचा न्यायाधीश आणि धुळ्याचा न्यायाधीश एकाच पुस्तकातून काम करू लागले. ज्याला कोर्टापर्यंत पोहोचता येत होते, कागद वाचता येत होता आणि वकील देता येत होता, त्याच्या दृष्टीने ही मोठी प्रगती होती.

१६/
पण ‘इंग्रजांनी आपल्याकडचे उत्तम ते दिले’ या समजालाही तपासणी हवी. इंग्लंडमधील वरिष्ठ कोर्टांच्या जुन्या, परस्परविरोधी पद्धती एकत्र आल्या त्या १८७३-७५ च्या ज्युडिकेचर कायद्यांनी. म्हणजे खानदेशाला संहिता मिळाल्यानंतर चौदा-सोळा वर्षांनी. छोट्या कर्जांसाठी मात्र त्यांनी १८४६ मध्येच स्वस्त आणि जवळची काउंटी कोर्टे काढली होती. साध्या कर्जासाठी माणसाला तुरुंगात घालण्याची पद्धत इंग्लंडने १८६९ मध्ये काही अपवाद ठेवून बंद केली. खानदेशच्या ऋणकोला मात्र हुकूमनाम्याच्या दरखास्तीत दिवाणी कैद होतच राहिली. त्याच्या पोटगीचा भत्ता तेवढा सावकाराने भरायचा.

१७/
राजसत्तेने कार्यपद्धती एकसारखी करणे ही इंग्रजांची कल्पनाही नव्हे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६६७ मध्ये दिवाणी कार्यपद्धतीचे फर्मान काढून सगळ्या राज्यातील कोर्टांना एका साच्यात बसवले. १८०६ च्या फ्रेंच संहितेने त्यातील बरेच काही उचलले. त्या फर्मानाचा रोख कोर्टांची मनमानी आणि लांबण कमी करण्यावर होता. प्रत्येक पायरी लिहिलेली, प्रत्येक मुदत ठरलेली. पक्षकारांनी आपापली बाजू मांडावी, न्यायाधीशाने समोर आले तेवढे पाहावे. १८५९ ची संहिता याच घराण्यातली.

१८/
दुसरे घराणेही होते. प्रशियात अर्नोल्ड नावाच्या गिरणीवाल्याचा तंटा झाला. वरच्या अंगाला एका सरदाराने माशांचे तळे केले, पाणी तुटले, गिरणी बंद पडली, खंड थकला. कोर्टांनी निकाल गिरणीवाल्याविरुद्ध दिले. १७७९ मध्ये दुसरा फ्रेडरिक संतापला आणि त्याने न्यायाधीशांनाच तुरुंगात टाकले. हा राजाचा अन्याय होता, आणि त्याच्या मृत्यूनंतर ते न्यायाधीश निर्दोष ठरले. पण त्यातून १७८१ ची नवी कार्यपद्धती आली. तिचे तत्त्व असे की सत्य शोधणे हे न्यायाधीशाचे स्वतःचे कर्तव्य आहे. पक्षकाराने काय मांडले एवढ्यावर थांबता येणार नाही.

१९/
हा फरक विद्वानांच्या वादापुरता नाही. समोर एक कर्जरोखा आहे. वादी हजर आहे, प्रतिवादी नाही. पहिल्या पद्धतीत न्यायाधीश रोखा पाहतो, वादीचा जबाब घेतो आणि एकतर्फी हुकूमनामा देतो. दुसऱ्या पद्धतीत तो विचारतो: मूळ रक्कम किती होती? किती फिटली? हा आकडा कसा वाढला? खानदेशच्या कुणब्याचे शेत राहणार की जाणार, हे या दोन पद्धतींपैकी कोणती कोर्टात बसली आहे यावर ठरत होते.

२०/
संहितेबरोबर आणखी दोन बदल झाले आणि तिन्ही मिळून यंत्र पूर्ण झाले. १८५५ मध्ये व्याजाची कायदेशीर मर्यादा उठली. शेकडा बारा हा आकडा इतिहासजमा झाला. १८५९ च्या मुदत कायद्याने साध्या, नोंदणी नसलेल्या रोख्यावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू चांगला होता: जुने, खोटे दावे बंद व्हावेत. परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला. थकलेले व्याज मुद्दलात गेले, मुद्दलावर पुन्हा व्याज चढले. निशाणी करणाऱ्याला मोडी वाचता येत नव्हती.

२१/
त्याच वेळी कापसाचा भाव चढला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मँचेस्टरला हिंदुस्थानी कापूस हवा होता आणि खानदेश हा कापसाचा मुलूख. पैसा आला, पत वाढली, सावकाराने हात मोकळा सोडला, कुणब्याने लग्ने आणि विहिरी काढल्या. युद्ध संपले, भाव कोसळले, रोखे राहिले. मग समन्स निघू लागली. तोपर्यंत चांगल्या दिवसांत केलेली निशाणी वाईट दिवसांत कोर्टात पोहोचली होती.

२२/
समन्स आल्यावर कुणबी कोर्टात का जात नसे? उत्तर भेकडपणात शोधण्याची गरज नाही. १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग होईपर्यंत खानदेश हा एकच अवाढव्य जिल्हा होता. कोर्टाला जायचे तर पेरणीचे किंवा कापणीचे दिवस मोडायचे, वकिलाला पैसे द्यायचे, स्टँप घ्यायचा. आणि उभे राहून सांगायचे काय? ‘निशाणी माझी आहे, पण इतके घेतले नव्हते.’ निशाणी मान्य केली की पहिली अर्धी बाजू वादीची झाली. समन्स आपल्यापर्यंत पोहोचलेच नाही, अशीही शेतकऱ्यांची तक्रार असे. एकतर्फी निकाल रद्द करून घेण्याची सोय संहितेत होती. पण ती वापरण्यासाठी पुन्हा त्याच कोर्टात, त्याच खर्चाने जावे लागे.

२३/
हे दुखणे उघड झाले पुणे जिल्ह्यात. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. लूट हा त्यांचा मुख्य हेतू नव्हता. त्यांना रोखे हवे होते. ते हिसकावले गेले आणि जाळले गेले. ज्या कागदावर कोर्ट विश्वास ठेवते तो कागदच नष्ट करायचा, हे त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांना नेमके समजले होते. चौकशी आयोग बसला. एकतर्फी हुकूमनाम्यांचे प्राबल्य, तीन वर्षांच्या मुदतीचा गैरवापर, जप्ती आणि कैदेची धमकी यांवर त्याने बोट ठेवले.

२४/
१८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा त्यातून आला. आता कोर्टाने शक्यतो प्रतिवादीला बोलावून त्याचीच तपासणी करायची. रोख्यावर न थांबता व्यवहाराच्या आरंभापर्यंत मागे जाऊन हिशेब मांडायचा. शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यासाठी कैद करायचे नाही. गहाण नसलेली जमीन विकायची नाही. हप्ते बांधून द्यायचे. गावात समेट करणारे नेमायचे, रोखे गावनोंदणी अधिकाऱ्यापुढे लिहायचे. संहिता वीस वर्षांत आपल्याच मूळ गृहीताला मुरड घालत होती: हजर-गैरहजर सारखेच, कागद म्हणजेच सत्य, हे गृहीत चुकीचे होते असे सरकारनेच मान्य केले.

२५/
आणि कायदा लागू झाला कोठे? पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर. चारच जिल्हे. जेथे दंगे झाले तेथे आणि त्यांच्या आसपास. खानदेश यादीत नव्हता. तेथे रोखे जळले नव्हते. तेथला कुणबी मुकाट्याने हुकूमनामे सोसत होता. तोच मुदत कायदा, तीच संहिता, तेच सावकारी गणित. पण औषध दंग्याच्या भूगोलाप्रमाणे वाटले गेले. ‘सर्वांस एक कायदा’ म्हणणाऱ्यांनी हा नकाशा समोर ठेवावा. चाळीसगावहून दक्षिणेला अहमदनगर जिल्ह्याच्या दिशेने जाणाऱ्या माणसाला एका मुलखातून दुसऱ्या मुलखात गेल्यावर दुसरी कार्यपद्धती भेटत होती.

२६/
त्याच वर्षी धुळ्याच्या कोर्टात कोण बसले होते? महादेव गोविंद रानडे. वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड आणि मे १८७९ मधील पुण्याच्या वाड्यांच्या आगी यांनंतर सरकारचा संशय रानड्यांभोवती फिरू लागला आणि त्यांची बदली नाशिकहून धुळ्यास झाली. पत्रे तपासली जात होती. धुळ्याला तेव्हा रेल्वे नव्हती. ती १९०० मध्ये आली. सार्वजनिक सभेच्या छत्राखाली लवाद कोर्टांचा पुरस्कार झाला, त्या वर्तुळातला हा विचारवंत. शेतकऱ्यांच्या कर्जाचा प्रश्न ज्याला सर्वांत चांगला कळत होता, तो न्यायाधीश जेथे नवा कायदा लागू नव्हता तेथे नेमला गेला होता.

२७/
पुढे रानडे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश झाले आणि दख्खनच्या तालुक्यातालुक्यांतून फिरून खालच्या कोर्टांचे निकाल तपासू लागले. १८८३ मध्ये त्यांनी प्रशियाच्या जमीनविषयक कायद्यांवर निबंध लिहिला. विषय कार्यपद्धतीचा नव्हता, जमिनीचा होता. पण इंग्लंडपलीकडे पाहण्याची दृष्टी तीच. राज्याने दुबळ्याच्या बाजूने हिशेबात हात घालावा, हा विचार त्यांना परका नव्हता. धुळ्याच्या वास्तव्याचे वर्णन रमाबाई रानड्यांच्या आठवणींत सापडते. ज्यांना खानदेशाचा इतिहास किल्ल्यांपुरता वाटतो त्यांनी ते पुस्तक उघडावे.

२८/
एक आक्षेप येईल: साहाय्य कायद्याने तरी काय साधले? पत आटली, सावकारांनी गहाणाऐवजी खरेदीखते लिहून घेतली, पळवाटा शोधल्या. हे खरे आहे. पण त्यावरून जुनी पद्धत योग्य होती असे सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच की कोर्टातील पद्धत बदलली म्हणून गावातील सत्ता बदलत नाही. पद्धत एक काम मात्र निश्चित करू शकते: अन्यायाला राज्याचा शिक्का देण्यापूर्वी चार प्रश्न विचारणे. १८५९ ची संहिता ते प्रश्न विचारण्यास न्यायाधीशाला बांधून घेत नव्हती. १८७९ चा कायदा घेत होता.

२९/
संहिता पुढे १८७७, १८८२ आणि १९०८ मध्ये नव्याने लिहिली गेली. १९०८ ची आजही चालू आहे, दुरुस्त्यांसह. धुळ्याच्या न्यायालयात आजही समन्स निघते, कैफियतीची मुदत मोजली जाते, गैरहजेरीत एकतर्फी हुकूम होतो आणि तो रद्द करण्यासाठी नववा आदेश, तेरावा नियम शोधला जातो. लोकअदालती आहेत, मोफत विधी सेवा आहे; त्यांच्या मुळाशी १८७९ चीच जाणीव आहे की दारापर्यंत न पोहोचलेल्यासाठी दाराला वेगळी पायरी हवी. आता प्रक्रिया संगणकावर जात आहे. जुना प्रश्न नव्या कपड्यांत उभा आहे.

३०/
म्हणून ‘इंग्रजांनी न्याय दिला’ आणि ‘इंग्रजांनी न्याय मोडला’ या दोन्ही घोषणा बाजूला ठेवाव्यात. पंचायतीत माणूस हजर होता, पण तो कोणाच्या दबावाखाली बोलतो हे कोणी तपासत नव्हते. संहितेत नियम सर्वांना सारखे होते, पण माणूस हजर आहे की नाही याची तिला फिकीर नव्हती. कोणतीही कार्यपद्धती चांगली की वाईट हे ठरवायचे असेल तर जिंकणाऱ्याचे निवाडपत्र पाहून चालणार नाही. ज्याचे नाव पुकारले गेले आणि जो आला नाही, त्याचे त्या पद्धतीने काय केले, ते पाहावे.

३१/
खानदेशात ही तपासणी अजून पुरेशी झालेली नाही. पुण्याचे दंगे पाठ्यपुस्तकात आले, कारण तेथे आग लागली. धुळे, एरंडोल, शहादा, नंदुरबारकडच्या एकतर्फी हुकूमनाम्यांचा इतिहास मात्र कोणी मोठ्याने सांगत नाही. जमिनींचे जुने उतारे, घरातील पेटीतले मोडी रोखे, लिलावाच्या नोटिसा ही त्याची साधने आहेत. राजवाड्यांनी जन्मभर अशीच साधने दारोदार फिरून गोळा केली आणि शेवटचा श्वास या गावात घेतला. खानदेशच्या तरुण अभ्यासकांनी मोडी शिकावी आणि त्या पेट्या उघडाव्यात. प्रतिवादीची बाजू दीडशे वर्षे ऐकली जायची राहिली आहे.